पोहे-जिलबी आता सुटलीच म्हणायची का? (एचबीएवनसी 7.1)

सियागंजचा हिशेबनीस, इंदूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसताच वाचत होतो, आज स्वतःवर वेळ आली.

वय 46, उंची पाच फूट सहा, वजन 64 किलो. सियागंजात एका किराण्याच्या पेढीवर हिशेब बघतो. सकाळी साडेदहाला गादीवर बसतो तो रात्री साडेआठला उठतो. दिवाळीच्या आधी रात्री तीन-तीनदा लघवीला उठत होतो. म्हटलं, पाणी जास्त पितोय. बायकोने मागे लागून तपासणी करवली. मधुमेह निघाला. साखर उपाशीपोटी 141, जेवणानंतर 226, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा) 7.1. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन 500 सकाळ-संध्याकाळ लिहून दिली, "मीठा बंद, परहेज रखिए, तीन महीने बाद आइए" म्हणाले, आणि पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

आता परहेज म्हणजे नेमकं काय करायचं? गोड मी असंही कमीच खातो. रविवारी पोह्यांबरोबर दोन जिलब्या, तेवढंच. बाकी दिवस असा जातो: नऊ वाजता कोपऱ्यावरचे पोहे, वर सेंव आणि जीरावन मसाला. पेढीवर दिवसभरात पाच चहा. डब्यात चार पोळ्या आणि बहुतेक वेळा बटाट्याची भाजी. सहाच्या सुमाराला कोणी ना कोणी कचोरी मागवतंच. घरी पोचून हातपाय धुऊन जेवायला पावणेदहा, तेव्हा पुन्हा तीन-चार पोळ्या, वरणभात, आणि मग टीव्हीसमोर.

बाबांना मधुमेह होता. एका वैशाखात उज्जैनला देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालले, तळपायाला फोड आला तो त्यांना कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी आईला चादरीवर डाग दिसला. पुढे पायाचा अंगठा गेला. रिपोर्ट हातात आल्यापासून मला तो अंगठाच दिसतोय.

मी जाडा नाही, मग मला साखर कशी झाली? हे पोटाचं म्हणाल तर हो, पँट 37 ची लागते. आणि धाकटा भाऊ, वय 39, त्याची एचबीएवनसी 6.1 निघाली. तो म्हणतो, "अजून झालेली नाही ना, मग सोड." त्याला काय सांगू?

छप्पनचा चाहता

भिया, घाबरायचं नाही. साखर बंद, गूळ चालू. पोळी बंद, ज्वारीची भाकरी हवी तेवढी. सकाळी कारल्याचा रस. माझ्या साडूची गोळी सुटली याच्यावर.

वहीवाल्या काकू, लोकमान्य नगर

चाहतेसाहेब, तुमच्या साडूंना नमस्कार, पण गूळ ही साखरच, नुसती रंगाने सावळी. रक्तात गेल्यावर दोघींत फार फरक उरत नाही. आणि ज्वारीची भाकरी चांगली, मीही खाते, पण "हवी तेवढी" हा शब्द आपल्या लोकांसाठी नाही. ज्वारीतही पीठच आहे.

आता हिशेबनीसा, तुला अरे-तुरे करते, माझा थोरला तुझ्याच वयाचा आहे. मी 71 ची, शाळेत गणित शिकवत होते, आणि मधुमेहाला सतरा वर्षं झाली. माझ्याकडे एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची, आता तिसरी चालू आहे. डावीकडे काय खाल्लं, उजवीकडे दोन आकडे: खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. बोटातून थेंब काढायचं यंत्र घे. रोज दहा वेळा टोचायची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी वेगळं जेवण पकड. तू तर हिशेबाचा माणूस आहेस, तुला शिकवावं लागणार नाही.

जुन्या वहीतून उतरवते.

बाहेरचे पोहे एक प्लेट, सेंव, दोन जिलब्या: आधी 118, नंतर 254.
घरचे पोहे एक वाटी, मटार आणि दाणे घालून, आधी वाटीभर मोड आलेले मूग, सेंव चिमूटभर: 121, 168.
हेच, पण नंतर पंधरा मिनिटं गच्चीत फेऱ्या: 119, 149.
एकादशी, साबुदाण्याची खिचडी: 116, 271. (याला उपास म्हणतात!)

पोहे म्हणजे तांदूळच, भिजवून भाजून चपटा केलेला. पचायला हलका म्हणून आपण आजाऱ्यालाही देतो, आणि हलका म्हणूनच झरकन साखर होतो. शत्रू नाही तो. एकटा आणि प्लेटभर आला की त्रास देतो. सोबत डाळ, उसळ, दही, दाणे असं काही असलं की त्याची चाल मंदावते.

आणखी एक नोंद आहे, ती वाचून मी स्वतःच चकित झाले होते. भाच्याच्या लग्नात दाल-बाफले (कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले गोळे), तीन बाफले, तूप किती ते विचारू नकोस. दोन तासांनी 176. मी खूश, म्हटलं बाफल्यांनी काही केलं नाही. नातू यंत्राशी खेळत होता, त्याने चार तासांनी पुन्हा टोचलं, तर 238. तूप पोटाला सावकाश सोडतं, त्यामुळे साखर उशिरा वर येते. तळलेलं, तुपातलं खाल्लंस तर दोन तासांच्या आकड्यावर विसंबू नकोस. तुझी सहा वाजताची कचोरी याच जातीची.

तुझ्या दिवसात मला सर्वांत जास्त खटकलं ते जिलब्या नव्हे. पाच चहा (कपात दीड-दोन चमचे साखर धर, झाले दिवसाचे आठ-दहा चमचे) आणि पावणेदहाचं ताट. साखर वर गेलेली असताना तू आडवा होतोस, मग ती उतरणार कधी? स्नायू हलले की ते इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांची किंमत मोठी. माझ्या वहीत वीस-वीसची घट दिसते, दर वेळी.

पोळ्यांचं म्हणशील तर चाराच्या दोन कर आणि राहिलेली भूक डाळीने, उसळीने, पालेभाजीने भर. ताटात अर्धी जागा भाजीला, पण बटाटा भाजीत मोजायचा नाही. जेवणात आधी काकडी-कोशिंबीर आणि भाजी-डाळ, पोळी-भात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी माझे आकडे उतरतात.

आता माझे दोन मूर्खपणे, तू करू नयेस म्हणून.

पहिला: आठ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने जांभळाच्या बियांची पूड दिली, म्हणाला गोळ्या सोडा. मी गणिताची बाई, तरी सोडल्या. अडीच महिने. वहीही बंद ठेवली, कारण मनातून माहीत होतं. उपाशीपोटी 312 आली तेव्हा डोळ्यांसमोर काळे ठिपके तरंगत होते. पडद्यावर रक्त उतरलं होतं, लेसर करावं लागलं. पूड, रस, काय हवं ते घे, पण गोळी सोडून नाही, आणि डॉक्टरांना सांगून घे.

दुसरा: हरतालिका, निर्जळी. मला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही आहे, साखर उतरवणारी दुसरी गोळी. सकाळी सवयीने गोळी घेतली आणि पोटात काही नाही. दुपारी कथा वाचताना अक्षरं ओळखू येईनात, हात थरथरायला लागले, ब्लाउज घामाने भिजला. सुनेने टोचलं, 52. तिने तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी 84 आली, मग जेवायला बसवलं. 70 च्या खाली गेलं की हेच करायचं, जिलबीच्या मागे धावायचं नाही, तूप-मैद्यामुळे ती उशीर करते. तुला नुसती मेटफॉर्मिन आहे, तिने एकटीने साखर अशी पडत नाही सहसा. पण पुढे गोळी बदलली तर लक्षात ठेव. हरतालिका मी सोडली नाही. दूध आणि फळ घेते, गोळीचं आधी विचारून ठेवते, आणि देवी काही बोललेली नाही अजून.

सुईवाला

काकू, वहीला सलाम. मी वीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढतो, म्हणून दोन गोष्टी माझ्या बाजूच्या.

लोक तपासणीच्या आधी तीन दिवस कारल्यावर राहतात आणि उपाशीपोटीचा आकडा सुंदर घेऊन जातात. एचबीएवनसीला असं फसवता येत नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मोजली जाते, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांचा उतारा. 7.1 म्हणजे दिवसरात्रीची सरासरी 157 च्या आसपास. रक्त कमी असेल, विशेषतः लोह कमी असेल, तर हा आकडा खोटा वाढतो, तेव्हा दादा, हिमोग्लोबिनही बघून ठेवा.

जेवणानंतरच्या तपासणीला दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. आमच्याकडे लोक खाली टपरीवर एक चहा आणि दोन बिस्किटं खाऊन वर येतात आणि म्हणतात, घ्या. मग रिपोर्ट कोणाचा, माणसाचा की बिस्किटाचा? नेहमीचं जेवण जेवून या.

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. त्या फोडासाठीच सांगतो, पहिल्याच महिन्यात डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) बघा, आणि रोज रात्री तळपाय आरशात बघा. ही मधुमेहाची जात (टाइप 2) समजण्याआधी कितीतरी वर्षं अंगात असू शकते, म्हणून डोळ्यांची तपासणी "पुढे बघू" नको. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालली की बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तेही अधूनमधून.

आणि बारीक असून कशी झाली? या प्रश्नावर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो आहे, 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. एक ते स्वतः आणि शेजारी इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, 22.3. चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपण असे, दिसायला सडपातळ, आतून साठवलेले. तुमचं गणित मी केलं, बीएमआय 22.8 येतो. पण पँट 37 ची, आणि भारतीय पुरुषाला कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. पट्टा नाभीपाशी लावून मोजा, पँटचा आकडा दुकानदार खूश करायला कमीही सांगतो. वजनकाटा विसरा, कंबर मोजा. आणि चालण्याबरोबर बैठका काढा, भिंतीला टेकून का होईना. मांडीचे स्नायू सगळ्यांत मोठे, साखर ओढायलाही तेच.

छप्पनचा चाहता

गुळाचं मागे घेतो. साडूचं नाही घेत.

सियागंजचा हिशेबनीस

सुईवाला, पट्टा लावला. 95 सेंटीमीटर. काकू, वही घेतली, आमच्या पेढीचीच, लाल खतावणी. भावाला वाचायला दिलं, तो म्हणतो मी पूर्वी चार महिने चाललो होतो, वजन दीड किलोसुद्धा उतरलं नाही, उपयोग काय?

सूरसागरकर, बडोदे

तुमच्या भावासाठी खास लिहितोय, कारण मी तोच. पाच वर्षांपूर्वी 6.2, वय 41, आणि हाच संवाद: "झालेली नाही ना?" तुमच्याकडे पोहे, आमच्याकडे सेवउसळ, वर पाव मागून मागून. उसळ चांगली हो, पण पावाची संख्या विचारू नका.

6.1 म्हणजे दारात उभा. 5.7 ते 6.4 दार, 6.5 पासून आत. वजनाबद्दल त्यांना चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाची गोष्ट सांगा, 2006 ची. दारात उभे असलेले 531 लोक घेतले आणि तीन वर्षं बघितलं. ज्यांना फक्त सर्वसाधारण सल्ला देऊन सोडलं, त्यांतल्या शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून खाणं आणि रोजचं चालणं पाळून घेतलं, त्यांतल्या 39 जणांना. मेटफॉर्मिन दिलेल्यांतही जवळपास तेवढेच, आणि दोन्ही केलं तरी अधिक फायदा नाही. आता ऐकण्यासारखं म्हणजे, या लोकांचं वजन जवळपास उतरलंच नव्हतं. तरी फरक पडला. अमेरिकेत 2002 मध्ये असाच मोठा प्रयोग झाला, तिथे आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि सात टक्के वजन कमी हे लक्ष्य होतं, तिथे धोका 58 टक्क्यांनी घटला. म्हणजे वजन उतरलं तर उत्तमच. नाही उतरलं तरी पाय फुकट जात नाहीत.

मी कमाटीबागेत संध्याकाळी अर्धा तास चालतो, पाव एकावर आणला. मागच्या महिन्यात 5.8. भावाला सांगा, दारातून मागे फिरता येतं. आत गेल्यावर परत यायला फार कष्ट.

सियागंजचा हिशेबनीस

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.

चहा पाचाचे तीन केले, साखर बंद. पहिला आठवडा वाटायचं पाचोळा उकळून पितोय. शेठजींनी विचारलं, "क्या हुआ, बही में घाटा है क्या?" आता साखरेचा चुकून आला तर घोट घशाखाली जात नाही.

रात्रीच्या जेवणाने सगळ्यांत छळलं. पेढी साडेआठला सुटते, लवकर जेवणार कसा? मग बायकोनेच तोड काढली: दोन डबे. दुसरा साडेसातला पेढीवरच खायचा, दोन पोळ्या, मटकीची नाहीतर मुगाची उसळ, काकडी. घरी पोचून मुलांबरोबर ताटावर बसतो, पण ताक आणि कोशिंबीर. पहिले चार दिवस आईने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिच्या हातचा गरम वरणभात नाकारणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना सांगायला नको. मग रविवारी दुपारी भाताची एक वाटी ठेवली तेव्हा तह झाला.

कचोरीच्या वेळी फुटाणे. नेहमी जमत नाही. आठवड्यातून एकदा कचोरी होतेच, वहीत लाल शाईने लिहितो.

आणि चालणं. पेढी बंद झाली की स्कूटर न काढता राजवाड्यापर्यंत चालत, तिथून बस. भाऊ पण येतो, वाटेत त्याचं दुकान आहे. अडचण अशी की राजवाड्याला पोचतो तेव्हा सराफ्यात सोन्याची दुकानं मिटत असतात आणि कढया चढत असतात. मधुमेहासाठी चालायला निघालो आणि रस्ता नेमका त्या वासातून.

आकडे: उपाशीपोटी आता 108 ते 120. जेवणानंतर बहुतेक 160 च्या आत. घरचे पोहे काकूंच्या पद्धतीने, 114, 157. कंबर 93. डोळे दाखवले, पडदा स्वच्छ आहे. हिमोग्लोबिन ठीक.

रात्री लघवीला एकदाच उठतो.

आता खरा प्रश्न. थंडी पडली, गराडू आलाय. काय करू?

वहीवाल्या काकू, लोकमान्य नगर

शाब्बास. आईचा तह मला फार आवडला.

गराडू म्हणजे कंद, पिष्ट आहेच, आणि वर दोनदा तळलेला. पण इंदुरात राहून थंडीभर त्याच्याकडे पाठ करून चालत राहशील यावर माझा विश्वास नाही, आणि मग एक दिवस पाव किलो खाशील. त्यापेक्षा असं कर: त्या दिवशी दुसऱ्या डब्यात पोळी नको, नुसती उसळ आणि काकडी. मग अर्धी प्लेट, बायकोबरोबर वाटून. लिंबू भरपूर. मग उरलेला रस्ताही चालत. आणि दोन तासांनी मोजून खूश होऊ नकोस, माझे बाफले आठव. चार तासांनी पण.

सियागंजचा हिशेबनीस

काल झालं. बायको आणि भाऊ दोघं साक्षीला. प्लेटीतले सात तुकडे माझ्या वाट्याला, मोजून. खाण्याआधी 112. घरापर्यंत चालत, पाऊण तास.

दोन तासांनी 151.

चार तासांसाठी रात्री सव्वा वाजताचा गजर लावला. गजर झाला तेव्हा आई उठून आली, तिला वाटलं कोणाची तब्येत बिघडली. अंधारात मी बोट धरून बसलेला, बायको टॉर्च धरून. 173. आई म्हणाली, "गराडूसाठी एवढं? मी घरी करून दिला असता." आता तो घरचा किती निघतो, ते पुढच्या आठवड्यात लिहितो.